दिग्द

आईनं पोत्याचं तोंड सुतळीनं आवळून पाठवलं
अर्खांगाईहून निघालेल्या ट्रकच्या टपावरून,
मेंढ्यांच्या कातड्यांखाली.
दिग्द.
निळसर फुलांचं, वीतभरही नसलेलं झाड,
ओढ्याकाठच्या ओलसर गवतात ऑगस्टात सापडणारं.
आमच्याकडे कुणाचे डोळे पिवळे झाले
की म्हाताऱ्या एवढंच म्हणतात, दिग्द उकळ.

शब्द आमचा नाही म्हणे.
दक्षिणेकडून आला, बर्फाचे डोंगर चढून,
लामांच्या पोथ्यांतून, वाटेतल्या मठामठात झिजत.
निघाला तेव्हा तो होता तिक्त.
अक्षरं झिजली,
कडूपणा मात्र रतीभरही नाही.

उलानबातरला, तिसऱ्या मजल्यावर
मी ते वाळवते, दळते, अल्कोहोलात भिजत घालते.
काचेच्या नळीतून हिरवा उतरतो, मग तपकिरी,
आणि अख्ख्या पोत्याचं शेवटी उरतं
चिमूटभर पिवळं.
त्याचं नाव फोनवर सांगितलं तर आई म्हणाली,
"नाव घेतानाच धाप लागते,
रोगाशी कधी झगडायचं?"

बशीत यकृताच्या कॅन्सरच्या पेशी.
कुणा परमुलखातल्या माणसाच्या.
तो केव्हाच गेला, त्या अजून वाढतायत.
शुक्रवारी त्यांच्यावर पिवळं सोडलं.
सोमवारी निम्म्या आकसल्या होत्या
छपरावर वाळत घातलेल्या दह्याच्या वड्यांसारख्या.
मी खुर्चीवरून उठलेच.
प्युरेवसुरेन भिंगातून डोळा न काढता म्हणाला,
"फिनाइल ओतलं असतंस तर सगळ्याच मेल्या असत्या.
आता निरोगी पेशींवर टाकून बघ."

बाबांच्या पोटात ते सहा सेंटिमीटरचं आहे.
त्यांना आठवते ती शाळेतली एकच सुई,
स्पिरिटच्या दिव्यावर क्षणभर धरून
चाळीस पोरांच्या दंडात गेलेली.
रांगेत ते एकोणिसावे होते.
अजून सांगतात, "मी रडलो नव्हतो."
मला विचारतात, "तुझ्या बशीइतकं माझ्यात उतरायचं
तर किती खावं लागेल?"
मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला.
रोज सात पोती.
"म्हणजे मेंढीच व्हायला हवं," म्हणाले,
आणि हसता हसता उजवी कूस धरली.

मग गेल्या महिन्यात त्यांचं रक्त बिघडलं.
डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्यासमोर ठेवला,
"गोळीसोबत घरून काही देताय का?"
देतोय.
खारट चहाच्या थर्मासशेजारी दुसरा थर्मास,
सकाळ-संध्याकाळ, आईच्या हातचा.

यकृताला दार एकच.
गोळी आणि काढा दोघं एकदम आत घुसू बघतात,
चौकट खिळखिळी होते.
मी फोनवर असंच काहीतरी बोलले.
शहाण्यासारखं.
आई गप्प. मागे कुत्रं भुंकत होतं.
"मग तू तिथं दळतेस ते काय?"
"विचारतेय त्याला, आई. अजून उत्तर आलेलं नाही."
"आणि तोवर ह्यांनी काय करायचं?"

रेंज गेली, की तिनं ठेवला, कळलं नाही.

बाबांनी नंतर सांगितलं,
थर्मास तिनं गेरच्या मागे उपडा केला.
शेळीनं हुंगलं, मान फिरवली.
आता ती त्याच थर्मासात नुसतं गरम पाणी भरते
त्याच वेळांना,
आणि ते तोंड वाकडं करून पितात
तिच्यासाठी.

आज नवं पोतं आलं. सुतळीची गाठ तीच,
दातांनी सोडवावी लागणारी.
नोंदवहीत भरलं: ठिकाण, उंची, तारीख.
गोळा करणार: त्सेरेनखंद, वय एकाहत्तर.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
एक वाळकं फूल जिभेवर ठेवलं.
प्रयोगशाळेत मनाई आहे.
लाळ सुटली, कानांपर्यंत कडू चढलं,
आणि मी दाराकडे पाहिलं,
कुणी बघत तर नाही ना.